रोटॅक्स ५८२ मायक्रोलाइट: हार्ड लँडिंगनंतरची दुरुस्ती गावातल्या वर्कशॉपमध्ये करावी का?

अनेर_काठ

मंडळी, शिरपूर भागात एक दोन आसनी मायक्रोलाइट (छोटं हलकं विमान) आहे. थ्री-अ‍ॅक्सिस, अ‍ॅल्युमिनियम ट्यूबचा सांगाडा, वर डेक्रॉनचं कापड, मागून ढकलणारा लाकडी प्रोपेलर, इंजिन रोटॅक्स ५८२, पेट्रोल-ऑइल प्रीमिक्स. हार्ड लँडिंगमध्ये (जोरात आदळत उतरताना) उजव्या चाकाचा पाय वाकला, एक्सलच्या ब्रॅकेटला केसासारखी चीर दिसते आणि सीटखालची आडवी ट्यूब मधोमध अंदाजे ५ मिमी झुकली आहे. बाहेरून पार्ट मागवायचे तर दीड-दोन महिने. मालकाचा बेत असा:

१) वाकलेली ट्यूब प्रेसवर सरळ करायची. नाही झाली तर सेक्शनवाल्याकडून ५० मिमीची ट्यूब आणून बदलायची.
२) ब्रॅकेटच्या चिरेवर आर्गन वेल्डिंग.
३) एएन बोल्टच्या (विमानाच्या मानकाचे बोल्ट) जागी हार्डवेअरच्या दुकानातले ८.८ ग्रेडचे एम६.
४) पेट्रोलची नळी कडक झाली आहे, तिच्या जागी फवारणी पंपाची पारदर्शक नळी.
५) मे महिन्यात प्लग काळे पडत होते म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) १६५ चा १५५ केला आहे. तो तसाच ठेवायचा.
६) सीटमागे २० लिटरची जादा टाकी.
७) कापड फिकं पडलंय, त्याला ऑइल पेंटचा हात.

यातलं काय चालेल, काय नाही, आणि का? ‘नको करू’ एवढंच सांगू नका, कारण सांगा. मालकाला पटवायचं आहे.

पांझरा_धुळे

भाऊ, १, २ आणि ३ एकत्र घेतो, कारण तिन्हींत चूक एकच आहे: दिसायला सारखं ते ताकदीलाही सारखं, हा समज.

आधी ट्यूब. विमानाची ट्यूब बहुतेक ६०६१-टी६ असते. तिचा यील्ड (ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो) साधारण २७६ मेगापास्कल. खिडक्या-शटरच्या सेक्शनवाल्याकडे मिळते ती ६०६३, बरेचदा टी५ टेंपर, यील्ड १४५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा. दोन्ही हातात घेतल्या तर वजन तेच, चमक तीच, डोळ्यांना फरक कळणार नाही. मापातही घोळ आहे. मूळ ट्यूब २ इंची, म्हणजे ५०.८ मिमी. ५० ची ट्यूब त्याच क्लॅम्पमध्ये घातली की ०.८ मिमीचा खेळ राहतो. तो घालवायला लोक रबराची पट्टी गुंडाळतात. मग प्रत्येक लँडिंगला क्लॅम्प घासत जातो.

प्रेसवर सरळ करण्याबद्दल. ट्यूब कायमची वाकली याचा अर्थ ती यील्डच्या पुढे गेली. उलट दाबून सरळ केली तर नजरेला सरळ दिसेल, पण आतल्या कडेला भिंत चुरमडलेली असते आणि उलट वाकवताना तिथेच बारीक चिरा सुरू होतात. शिवाय दाब घेणाऱ्या ट्यूबची ताकद तिच्या सरळपणावर असते. मिलिमीटरभर बाक राहिला तरी ती आधीपेक्षा कमी भाराला मोडते, आणि मोडते ती एकदम, इशारा न देता. ५ मिमी झुकलेली ट्यूब भंगारात. त्यावर चर्चाच नको.

आर्गन वेल्डिंग. टी६ ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून येते: ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात थंड करणं आणि मग १६०-१७५ अंशांवर तासन् तास मुरवणं. वेल्डरची टॉर्च त्या जागी ती सगळी मेहनत पुसून टाकते. चिरेच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्ट्यात ताकद ४० टक्क्यांच्या आसपास कमी होते. म्हणजे चीर बुजली आणि शेजारी नवी कमजोर जागा तयार झाली. पुढची चीर वेल्डच्या कडेलाच येते. वेल्डरचा हात कितीही चांगला असो, दोष त्याचा नाही, धातूचा आहे. ब्रॅकेट क्रोमोली स्टीलचं (४१३० हा त्याचाच ग्रेड) असेल तर गोष्ट वेगळी, ते रीतसर वेल्ड होतं. पण मग ट्यूब ४१३० चीच हवी, वेल्डर विमानाचं काम केलेला हवा, आणि उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये त्या दुरुस्तीला मुभा हवी.

आता बोल्ट. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

एएन४ बोल्टचा दांडा पाव इंच, ६.३५ मिमी. एम६ चा ६ मिमी. भोक ६.३५ चं, त्यात ०.३५ मिमी मोकळी. ५८२ हे ६५०० आरपीएमवर फिरणारं टू-स्ट्रोक. त्या थरथरीत मोकळा बोल्ट रोज भोकाच्या कडेला ठोके देतो आणि गोल भोक अंडाकृती होतं. एकदा ते झालं की योग्य बोल्ट घालूनही उपयोग नाही, ट्यूबच बदलावी लागते.

ताकदीचा हिशोब: एएन बोल्टचं स्टील १,२५,००० पीएसआय, म्हणजे ८६० मेगापास्कलच्या आसपास, ८.८ चं ८००. दांड्याचं क्षेत्रफळ ३१.७ चौ. मिमी विरुद्ध २८.३. दोन्ही मिळून १७ टक्के तोटा. मालक म्हणेल, एवढं चालतं. पण हार्डवेअरमधले एम६ बरेचदा डोक्यापर्यंत आटे पाडलेले असतात. आट्याच्या खाचेत उरतं १८ चौ. मिमीच्या आसपास, आणि कातर नेमकी तिथे बसली तर ताकद थेट निम्म्यावर. शिवाय आटे भोकाच्या आत कानशीसारखे चालतात. बोल्ट काढून भोकाला बॅटरी लावून बघा. आत बारीक समांतर ओरखडे आणि भोवती काळपट राख दिसली तर तो बोल्ट सैल होता हे नक्की. ती राख म्हणजे घासून निघालेलं अ‍ॅल्युमिनियम.

नियम सोपे आहेत. गुळगुळीत दांडा जोडाच्या जाडीइतका, आटे जोडाच्या बाहेर. थोडा फरक वायसरने भरून काढायचा. नटाबाहेर निदान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) हाताने फिरायला लागला की फेकायचा. एक्झॉस्टजवळ नायलॉक वापरायचाच नाही, १२० अंशांपुढे नायलॉन टिकत नाही. जिथे बोल्टवर काही फिरतं, तिथे कॅसल नट (खाचांचा) आणि त्यातून जाणारी कॉटर पिन. टॉर्क एएन३ ला २०-२५ इंच-पाउंड, एएन४ ला ५०-७०, म्हणजे साडेपाच ते आठ न्यूटन-मीटर. पण पोकळ ट्यूबमधून बुश न घालता आरपार गेलेल्या बोल्टला हा टॉर्क देऊ नका, ट्यूब चपटी होते. तिथे मॅन्युअल सांगेल तेवढाच. आणि ‘जास्त मजबूत’ म्हणून १२.९ चे झिंक प्लेटिंग केलेले बोल्ट आणू नका. एवढ्या कडक स्टीलमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो आणि घट्ट केलेला बोल्ट दोन दिवसांनी, उभ्या विमानात, आपोआप तुटू शकतो.

बोरी_७

पांझराभाऊंनी तुटलेलं सांगितलं, मी न दिसणाऱ्याबद्दल लिहितो. हार्ड लँडिंगचा धक्का पायात थांबत नाही. पाय, एक्सल, सीटखालची ट्यूब, तिथून पंखाचा स्ट्रट (आधाराची दांडी), मुळातली फिटिंग आणि इंजिन माउंट, असा तो वर चढत जातो. एक पाय बदलून विमान उडवायला काढणं म्हणजे गळक्या पाइपाचा एकच सांधा बांधणं.

डाय पेनिट्रंटचा (चीर दाखवणाऱ्या रंगाचा) तीन डब्यांचा सेट मिळतो. रंग केमिकल रिमूव्हरने काढा, तारेच्या ब्रशने नको. ब्रशने अ‍ॅल्युमिनियम पसरतं आणि चीर झाकली जाते. क्लीनरने पुसून वाळू द्या, लाल डाय मारा, १०-२० मिनिटं थांबा. खान्देशातल्या उन्हात डाय लवकर सुकतो, म्हणून काम सावलीत आणि सकाळी. मग रिमूव्हर *कापडावर* मारून पुसा. जागेवर थेट मारला तर चिरेतला डायही धुऊन जातो. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दर बोल्टच्या भोकाभोवती आणि दर ब्रॅकेटच्या कोपऱ्याला हे करायचं.

स्ट्रट सरळ आहे का हे बघायला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणा, किंवा काढून सपाट फरशीवर लोळवा. हेलकावा आला की बाद.

कंट्रोल केबलवर सुती कापड फिरवा. धागा अडकला तिथे तार तुटलेली आहे. केबल बदलायची तर मोटारसायकलच्या ब्रेकची तार आणि यू-क्लिप चालत नाही. १/८ इंच ७×१९ केबलला तांब्याचा ओव्हल स्लीव्ह, तीन दाब, आणि प्रत्येक दाब गेजने तपासलेला. टर्नबकलच्या (केबल ताणायच्या आट्यांच्या जोडाच्या) बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसले तर पकड अपुरी.

वाघूर_थर्मल

इथे नुसत्या नद्याच जमल्यात! असो. ४ आणि ५ माझ्याकडे.

फवारणी पंपाची पारदर्शक नळी पीव्हीसीची असते. पेट्रोल तिच्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य ओढून घेतं. काही आठवड्यांत ती काचेसारखी कडक होते, आक्रसते आणि निपलवर सैल बसते. गंमत म्हणजे ती लगेच गळत नाही. पंपाच्या ओढीने आधी *हवा* आत घेते, कार्बोरेटरला पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन लीन होतं. ठिबकची लॅटरलही तशीच निरुपयोगी, क्लॅम्पखाली ती पकड धरत नाही. एसएई जे३० आर९ लिहिलेली रबरी नळी घ्या, टोकांना पूर्ण गोल बसणारे क्लॅम्प लावा, दर वर्षी-दोन वर्षांनी बदला. क्रँककेसपासून फ्युएल पंपापर्यंतची पल्स लाइन तर जाड भिंतीची आणि शक्य तितकी आखूडच हवी. मऊ नळी फुगते-आकसते आणि पंपाचा ठोका तिच्यातच जिरतो.

आता जेट. तुम्ही लिहिलंत ‘मे महिन्यात प्लग काळे’. सगळी गंमत या दोन शब्दांत आहे.

शिरपूर-जळगाव पट्टा समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास. मे महिन्यात ४४ अंशांना इथली हवा इतकी पातळ होते की इंजिनाला साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. हवा पातळ झाली की तेच जेट रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) पडतं. थोडा काळेपणा तेव्हा साहजिकच. आता डिसेंबरची सकाळ घ्या. धुळे-शिरपूरला पारा १० च्या खाली उतरतो. १० अंशांची हवा ४४ अंशांच्या हवेपेक्षा १२ टक्के घन. कार्बोरेटर त्यातला निम्मा फरक भरून काढतो, म्हणून मिश्रण ६ टक्क्यांनी लीन होतं. जेट १६५ वरून १५५ केल्यावर भोकाचं क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी घटलं. वर पंपावरचं पेट्रोल ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच प्रवाहात मिश्रण आणखी ७-८ टक्क्यांनी लीन. तिन्हींचा गुणाकार करा: मे महिन्यात १६५ वर आणि साध्या पेट्रोलवर इंजिनाला जे मिळत होतं, त्याच्या पाऊण हिस्साच डिसेंबरच्या टेकऑफला मिळणार. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलही सिलिंडर थंड ठेवतं आणि ऑइलही त्याच्याबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त *आणि* वंगण कमी. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने धरतो, नाहीतर माथ्याला भोक पडतं. आणि हे होतं फुल थ्रॉटलवर, टेकऑफनंतर पहिल्या शंभर-दोनशे फुटांत, जिथे वळायला जागा नसते.

म्हणून मूळ १६५ परत लावा आणि काळ्या प्लगचं खरं कारण शोधा. या क्रमाने: चोकचा प्लंजर पूर्ण खाली बसतो का (केबल जरा ताणलेली असली तरी गळतो), एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने भरलाय का, फ्लोटची पातळी, आणि जेट नीडल व नीडल जेटची झीज. शेवटचं सहसा कोणी बघत नाही. झिजलं की मधल्या थ्रॉटलवर रिच पडतं आणि लोक दोष मेन जेटला देतात. प्लगचा गॅप ०.५ मिमी. मिश्रण ५०:१, म्हणजे २० लिटरला ४०० मिली ऑइल. अंदाजाने ओतायचं नाही, मापी भांडं ठेवा.

ई२० चा आणखी एक डाव आहे. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाला वेगळे होतात, टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि तळातून कार्बोरेटरला जातं ते वंगण नसलेलं इंधन. तपासणी सोपी: मापी काचेच्या नळीत १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल (ऑइल घालण्याआधीचं), हलवा, थांबा. खालचा थर १० वरून २८ च्या आसपास गेला तर ते ई२०. पर्याय अ‍ॅव्हगॅस १००एलएल (विमानाचं पेट्रोल). त्यात शिसं असल्याने प्लग आणि रिंगांवर थर लवकर बसतो, म्हणून डीकार्बनिंग लवकर करावं लागतं, पण पाण्याचं हे झंझट नाही.

मर्यादा पॅनेलवर चिकटवून ठेवा: ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) कमाल ६५० अंश, पाणी कमाल ८० अंश, आरपीएम कमाल ६८००. आणि उंचावरून आयडलवर लांब उतरल्यावर झटकन पूर्ण थ्रॉटल देऊ नका. रेडिएटरमधलं थंड पाणी एकदम तापलेल्या ब्लॉकमध्ये येतं, सिलिंडर आक्रसतो, पिस्टन फुगलेलाच असतो. त्याला जेट जबाबदार नाही, हात जबाबदार.

गिरणामाय

उरलेले ६ आणि ७, थोडक्यात.

टाकी: २० लिटर पेट्रोल १५ किलो, टाकी-पट्ट्यांसह १६. मूळ सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) ०.६ मीटर मागे ठेवलं तर ९.६ किलो-मीटरचा मोमेंट. विमान भरून ४३० किलो धरलं तर सीजी २२ मिमी मागे. प्लेटवर ४५० ची मर्यादा असेल तर वजन आत बसतं आणि लोक तिथेच फसतात. सीजी मागच्या मर्यादेबाहेर गेला की स्टॉल (पंखाची उचल संपणं) झाल्यावर नाक खाली येतच नाही. एकटा हलका पायलट पुढे बसला की आणखी वाईट. आणि मागून ढकलणाऱ्या विमानात सीटमागे इंजिन आणि तापलेला एक्झॉस्ट असतो, तिथे प्लास्टिकचा कॅन बांधायचा? दादा, नाही.

रंग: लिटरभर ऑइल पेंटपैकी अर्धा-पाऊण किलो वाळून कापडावरच राहतो. एलेव्हेटर-एलेरॉनवर (शेपटीच्या आणि पंखाच्या हलणाऱ्या पट्ट्यांवर) हे वजन हिंजच्या मागे येतं, आणि हिंजच्या मागचं वजन म्हणजे फ्लटरला आमंत्रण. एका ठरावीक वेगाला पृष्ठभाग फडफडायला लागतो आणि काही सेकंदांत हिंज उखडतात. त्यात कापड फिकं पडणं हा रंगाचा प्रश्नच नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी डेक्रॉनचा धागा कुजतो. रंग मारला की ते कुजणं दिसेनासं होतं, थांबत नाही. बेट्सोमीटरने सुईची ताण-चाचणी करून घ्या, पंखाच्या *वरच्या* बाजूला आणि शिवणींवर. नापास झालं तर कापड बदलायचं.

एक गोष्ट यादीत नाही: लाकडी प्रोपेलर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकून आक्रसतं, बोल्ट सैल पडतात. पावसाळ्यात फुगतं, तेच बोल्ट लाकूड चेपतात. हंगाम बदलला की टॉर्क तपासा. एक्झॉस्टच्या स्प्रिंगांना सेफ्टी वायर आणि वेटोळ्यांत हाय-टेंप सिलिकॉन भरा. तुटलेली स्प्रिंग सरळ मागच्या प्रोपेलरमध्ये जाते.

कागदपत्रांचं: व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या विमानात मॉडिफिकेशन डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) मान्यतेशिवाय होत नाही. २०२५ च्या १ जानेवारीपासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू आहे, जुना १९३४ चा कायदा गेला. विमा कंपनीही पहिल्यांदा हेच विचारते.

अनेर_काठ

खूप आभार सगळ्यांचे. मालक १, २, ३ सोडायला तयार आहे, टाकी आणि रंगही रद्द. आता विचारतोय, पार्ट येईपर्यंत दोन महिने इथे बसून काय करता येईल? आणि जुने बोल्ट तात्पुरते परत लावून इंजिन तरी चालवून बघू का?

पांझरा_धुळे

घाई नको ना भो. वाकलेल्या सांगाड्यावर इंजिन चालवू नका. थरथरीने चांगली भोकंही बिघडतील.

दोन महिन्यांत भरपूर काम आहे. कापड उतरवा, सगळे जोड उघडा, डाय टेस्ट, केबल, दोरा. प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर जोडाचं नाव आणि बोल्ट कोणत्या बाजूने आत गेला होता ते लिहा. व्हर्नियरने दर भोक दोन काटकोनी दिशांनी मोजा. ६.३५ च्या भोकाला एका दिशेला ६.४ आणि दुसरीला ६.६ आलं तर ते अंडाकृती झालंय, ऑर्डरमध्ये ती ट्यूबही जोडा. ऑर्डर एकदाच जाऊ दे, नाहीतर आणखी दोन महिने.

वाघूर_थर्मल

आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून पोर्टमधून पिस्टन बघून घ्या, १५५ वर ते किती तास चाललंय कोण जाणे. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर लीन सीजची (पेट्रोल कमी पडून पिस्टन धरण्याची) सुरुवात. चार कोपऱ्यांना सारखे ओरखडे असतील तर थंड इंजिनाला लवकर थ्रॉटल दिलाय. काहीही दिसलं तरी सिलिंडर उघडा. नसेल तर रिंग खाचेत मोकळी हलते का ते पोर्टमधूनच लाकडी काडीने हलकेच दाबून बघा, स्क्रूड्रायव्हरने नको.

अनेर_काठ

आत्ताच बघितलं. मागच्या सिलिंडरला एक्झॉस्टच्या बाजूला दोन उभ्या रेघा आहेत, नखाला लागतात. पुढचा स्वच्छ.

वाघूर_थर्मल

नखाला लागतात म्हणजे उघडायचंच. फक्त मागचा खराब असेल तर जेटबरोबर त्याच बाजूचा कार्बोरेटर आणि इनटेकचा रबरी सॉकेट बघा. सॉकेटला भेग असेल तर तिथून हवा घुसतेय आणि नवा पिस्टनही तसाच जाईल.